गार ओव्हनमधला केक

आई,

तुझ्या लेकीचं इथं सेंट लुईसमध्ये बरं चाललंय, काळजी करू नकोस. रविवारी चर्च सुटलं की माझ्या बेकरीसमोर रांग लागते. तुझा गुडघा कसा आहे?

गेल्या शुक्रवारी मात्र माझं डोकं फिरलं. एका मोठ्या किराणा दुकानाच्या बाईंना केक दाखवायला गेले होते. डबा उघडायच्या आधी त्यांनी माझा पत्ता वाचला.

"डेलमार रस्त्याच्या उत्तरेला? काळ्यांच्या वस्तीतला माल आमची गिऱ्हाइकं घेत नाहीत हो."

वर मला शिकवायला त्याच रस्त्याच्या दक्षिणेकडच्या, गोऱ्यांच्या भागातल्या एका कॅफेतला केक पुढं सरकवला. "हा खाऊन बघा. वरचा पापुद्रा बघा कसा कुरकुरीत आहे! असं जमलं पाहिजे."

आई, ओव्हन आधी न तापवता केक गार ओव्हनमध्येच ठेवायचा आणि मग तो पेटवायचा, हे तू शिकवलंस ना? तोच पापुद्रा! त्या कॅफेला दर गुरुवारी मागच्या दारानं सहा केक मीच देते. नाव ते स्वतःचं चिकटवतात.

"बाई, हा माझ्याच हातचा आहे," मी म्हणाले.

त्या हसल्या. "मग त्यांच्याच नावानं पाठवा की!"

कॅफेचं गिऱ्हाईक सुटलं तर थोडी ओढाताण होईल, पण तू मनाला लावून घेऊ नकोस.

आज गुरुवार. सहाही केक कॅफेला न देता माझ्याच दुकानाच्या काचेत मांडलेत आणि खोक्यांवर आपल्या गल्लीचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहिलाय. ज्याला हवा, त्यानं रस्ता ओलांडून यावं.

तुझ्याच हाताखाली शिकलेली,
वर्डेल