तालमीच्या मातीत फुटबॉल

वस्ताद, परवा लोणंदमध्ये आमच्या टेम्पोचं मागचं चाक बसलं. गाडीत कांदा भरलेला, त्यामुळं जॅक लावायलाच अर्धा तास गेला. मी शेजारी उभा राहून सूचना देत होतो. ड्रायव्हर वैतागला. "गड्या, तू जरा लांब जा. तुझ्या तोंडामुळं दुसरं चाक बी बसंल." म्हणून मी पंक्चरवाल्याला लागून असलेल्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात बाकावर जाऊन टेकलो. तिथं एक टीव्ही पाठ उघडी टाकून चालू ठेवला होता, आवाज नव्हता, आणि त्यात माणसं वाळूत फुटबॉल खेळत होती. मागं समुद्र, डोक्यावर ऊन, आणि कुणाच्या पायात काही नाही.

"ही काय सुट्टीला आलेली पोरं हायत व्हय?" मी विचारलं. दुकानदार तारेशी झटत होता. वर न बघताच म्हणाला, "पोरं कशाची? देशाचे संघ हायत. ब्राझीलात स्पर्धा भरलीया. पिवळं ते ब्राझील. बघ गुमान."

मग गुमान बघत बसलो. एका बाजूला पाचच गडी. चेंडू वाळूत सरकत नाही, धपकन रुततो, म्हणून त्याला सारखा हवेतच ठेवायचा. पळताना पिंढऱ्यांची काय दशा होत असेल ते मला लगेच कळलं, कारण तुम्ही आम्हाला नदीच्या वाळूत पळवायचा ना, तीच धाप त्यांच्या तोंडावर होती. एका पिवळ्यानं अंग हवेत उताणं टाकलं, डोक्यावरून मागं लाथ घातली आणि सपशेल पाठीवर पडला. माझ्या तोंडून निघून गेलं, "पाठ लागली, कुस्ती गेली!" दुकानदार हसला. "आरं, गोल झाला की त्याचा!" खरंच, पाठीवर पडलेल्या माणसाला सगळे मिठ्या मारत होते. तुम्ही असता तर चिडला असता, आणि मग खाकरून बाजूला बघून हसला असता.

पण मी लिहायला बसलो ते त्यासाठी नाही. नंतर फाऊल झाला म्हणून एकाला मोकळी लाथ मारायला मिळाली. तो गुडघ्यावर बसला, दोन्ही हातांनी वाळूची एवढीशी ढेप केली, तळव्यानं थापटली आणि चेंडू तिच्यावर अलगद ठेवला. मग चिमूटभर वाळू उचलून कपाळाला लावली. साता समुद्रापलीकडचा माणूस, वस्ताद, आणि आपण तालमीच्या हौद्यात उतरताना करतो अगदी तेच केलं त्यानं. मी उठून पंक्चरवाल्याकडं पाणी प्यायला गेलो.

तालीम सोडून बारा वर्षं झाली. मी पाचगणीत स्ट्रॉबेरीच्या पेट्या ठोकल्या, सांगलीत हळदीची पोती वाहिली, मध्ये एका सर्कशीबरोबरही दोन महिने होतो. तिथला हत्ती फक्त माझ्या हातचं खायचा, पण ते राहू दे. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी माझे कुस्तीत मोडलेले कान बघून विचारतंच, "तालमीतला दिसतोस, सोडलीस कशाला?" मी सांगतो, "वस्तादानं हाकललं."

हळदीच्या गोदामात पहिल्या दिवशी शिरलो तेव्हा तालमीचाच वास आला. नागपंचमीला माती खणायची नसते म्हणून तुम्ही त्याआधीच नवी माती टाकायचा. आपल्या कुंडलातल्या घराघरांतून त्या मातीत घालायला ताक यायचं, कुणी तेल द्यायचं, कुणी हळद, कुणी लिंबं. त्या वर्षी माती मळून झाली आणि तुम्ही म्हणालात, "दोन दिस मुरू द्या. पाय घालू नका." आणि त्याच दुपारी माझा दोस्त चेंडू घेऊन आला. त्याचा भाऊ पाचगणीच्या एका शाळेत स्वयंपाकाला होता, तिथला टाकून दिलेला, शिवण उसवलेला फुटबॉल. बाहेर सगळीकडं बाभळीचे काटे. आम्हाला वाटलं, एवढी मऊ जागा गावात दुसरी कुठं आहे? चौघं हौद्यात उतरलो. कपाळाला माती न लावता उतरलो, चेंडूच्या नादात तेवढंही सुचलं नाही.

तुम्ही दारात उभे होता. किती वेळ, माहीत नाही. बाकीचे तिघं खिडकीतून पसार झाले. तुम्ही हात उगारला नाही. खाली बसलात, माझ्या टाचेनं उडालेला मातीचा गोळा उचलून परत हौद्यात ठेवलात आणि हळू म्हणालात, "साऱ्या गावाचं ताक हाय रं ह्यात. तू लाथा घालतोस व्हय?" मारलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "आवं वस्ताद, चुकलं." तुम्ही म्हणालात, "जा, घरला जा."

मी गेलो. नंतर सांगलीच्या ट्रकवर चढलो. दीड वर्षानं तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी मिरजेत होतो, तासाभराच्या वाटेवर. आलो नाही.

तुम्हाला सांगायचं होतं की जगात अशीही माणसं आहेत, जी मातीला आधी हात लावतात आणि मग लाथ मारतात. आम्ही हात लावला नाही, चूक तिथं झाली. हे तुमच्यापुढं बसून बोलायला पाहिजे होतं. कागद लिहून होत आलाय, पण तालमीच्या पत्त्यावर टाकला तर आताची पोरं तो मोठ्यानं वाचतील, आणि इथून पुढं जे आहे ते मला कुणाला ऐकवायचं नाही.

मला घरी धाडलंत त्याच्या चौथ्या दिवशी तुम्ही आमच्या घरी आला होता. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून आईनं दिलेला चहा पीत होता. आई म्हणाली, "पोरगं कुठं उलथलंय कुणास ठाऊक." तुम्ही म्हणालात, "माती खालवर करायला माणूस कमी पडतंय. आलं की पाठवा. म्हणावं, वस्ताद वाट बघतोय." चहा संपल्यावरही तुम्ही बराच वेळ बसून राहिलात.

मी कणगीमागं होतो, वस्ताद. सगळं ऐकलं.