दुधाच्या कार्डावरची झोप

मंगळवार, दिवेलागण

आज सुमनला माझा बायपोलर आजार समजावायला बसलो. अंबाजोगाईचे डॉक्टर म्हणाले होते, बायकोला सांगा, उन्माद चढायच्या आधी झोप उडते. तेच सांगत होतो, तर ती उठून डेअरीचं कार्ड घेऊन आली. दुष्काळात म्हैस आटल्यापासून ते कोरंच असेल असं मला वाटलेलं. कोरं कुठलं! लिटरच्या रकान्यात माझ्या झोपेचे तास. फॅटच्या रकान्यात माझं बोलणं: ‘कमी’, ‘बरं’, ‘लई’. आणि प्रत्येक ‘लई’च्या आधी झोप दोन, दोन, तीन. कधीपासून लिहीत होती ही? आणि मी हिला शिकवायला निघालो होतो!

आजचा रकाना मोकळा होता. पेन माझ्यापुढं सरकवून म्हणाली, “आता तुमी भरा. मला निस्तं भायरून दिसतंय.”