घासलेली कँडल

४ फेब्रुवारी
यांची विद्यार्थिनी आली. हे गेल्यापासून येणारा जो तो दबक्या आवाजात बोलतो. हिने आधी पाण्याचा ग्लास उजेडात धरून बघितला! म्हटलं, "पी गं, तुझ्या सरांच्याच फिल्टरचं आहे."

फिल्टरच न्यायला आली होती. आतल्या पाणी गाळायच्या कँडलवर चांदीचे नॅनो, म्हणजे अतिसूक्ष्म कण बसवायची युक्ती यांची. जंतू मरतात. पण ते कण सुटून पाण्यात उतरतात का, पोटात जाऊन काय करतात, ते तपासायचं राहिलंय. घरात रोज वापरलेला फिल्टर एवढा एकच. पुढच्या महिन्यात असे फिल्टर शाळांमध्ये बसवणार आहेत.

दिला. ओट्यावर गोल डाग राहिला.

५ फेब्रुवारी
डाग पुसला.

९ फेब्रुवारी
रविवार. कँडल घासायचा वार. हे दारात उभे राहून ओरडायचे, "अगं, नुसती पाण्याखाली धर! कढई आहे का ती?" मी म्हणायचे, "बुळबुळीत लागते." आणि ब्रश चालूच! मग यांचा पेपर तोंडासमोर. कसल्याही जंतूला न भिणारा माणूस माझ्या ब्रशला भ्यायचा.

आज काहीच घासलं नाही.

१४ फेब्रुवारी
तिचा फोन. "काकू, पाण्यात चांदी उतरतेय. मर्यादेच्या वर. लॅबमधल्या एकाही फिल्टरमधून नाही. तुम्ही कँडल घासायचात?"

"घासायचे."

ती म्हणाली, "चुकीचा वापर म्हणून हा नमुना अहवालातून वगळता येईल. तुम्ही मात्र डॉक्टरांना दाखवून घ्या. बहुतेक काही नसेल."

बहुतेक! यांचाच शब्द उचललाय पोरीने.

१५ फेब्रुवारी
नणंदबाई आल्या. "वहिनी, वगळू दे की! दादाचा जन्म गेला त्यात. आणि एवढं घासायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तुमच्या दादांनी. म्हणजे, घासू नको म्हणून."

हसल्या. मग रडल्या. मी कप विसळले.

शाळेत फिल्टर धुणारी बाई काय करेल? हाताला बुळबुळीत लागलं की घासेलच. तिच्यामागे ओरडायला कोण उभं राहणार आहे? आणि ओरडून तरी काय झालं!

१७ फेब्रुवारी
फोन केला. "वगळू नकोस. चुकीचा नाही, घरातला वापर असं लिही."

"सरांचं काम थांबेल, काकू."

"थांबू दे."

प्यायच्या पाण्याचं पातेलं गॅसवर ठेवलं. पाणी उकळेपर्यंत तिथेच उभी राहिले.