न शेकलेली खंजरी

बाबा, राजुऱ्याहून तुमच्या दिव्यानीचा वाकून नमस्कार.

फोनवर तुमी "बरं आहे" म्हणून ठेवून देता, म्हणून लिहून राह्यली.

मी बरी आहो. दवाखान्यात दोघी नर्स सुटीवर आहेत, म्हणून डबल ड्युटी आहे. पाय सुजतात, पण जेवण वेळेवर होते.

रविवारी इथी खंजरी भजनाची स्पर्धा झाली. आपल्या मंडळासंगं तुमीही येतो म्हणाले होते, म्हणून ड्युटीवरून थेट मंडपात गेली. थकली होती, मागं खांबाले टेकून डोळे मिटले. आपल्या मंडळानं भजन धरलं अन् खंजरी बद्द वाजली. गोवरीच्या आगीवर शेकून कातडं ताठ केल्याशिवाय तुमी कधी थाप मारत नाई. न पाहताच समजलं, बाबा आले नाई.

नंतर पेटीवाल्या वारलूकाकाले तुमच्याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "लटारूभाऊचा उजवा हात महिन्यापासून उचलत नाई. तुले सांगू नको म्हणाले."

चामोर्शीच्या डॉक्टरले दाखवलं का? आई मालिश करते का?

खंजरी कोणाले देऊन टाकू नका. सुटी मिळाली की येते. मी शेकीन अन् मीच धरीन, म्हणजे तुमचा डावा हात वाजवायले मोकळा राहील.

तुमची,
दिव्यानी