कुडावरचा घोडा

बुध. ८ नोव्हें. १९३९

रोजा आहे. घसा कोरडा, तरी मिशनच्या एल्साबाईंबरोबर पाड्यावर गेलो. फाट्यापर्यंत बैलगाडी, पुढे चढ. बाई बकरीसारख्या चढतात. मी मागून, जुन्या भात्यासारखा.

चित्रांचे तक्ते काही आले नाहीत. बाईंच्या बर्फाच्या मुलखातल्या शेतकऱ्यांनी आमच्या थोरांच्या वर्गासाठी मुद्दाम करून धाडलेले. लढाई लागली आणि अडकले कुठल्या बंदरात. बाईंचा बाप म्हणे चाळिशी ओलांडून वाचायला शिकला, हिवाळ्यात शेतं बर्फाखाली असताना. म्हणून बाईंना हे वेड. मला पुडीच्या कागदांनी वाचायला शिकवलं, म्हणून मलाही. एका माळेचे मणी.

म्हटलं, तक्ते नाहीत तर नाहीत, मी काढतो. वर्ग सोनकीच्या ओसरीत, तीही शिकणारी. तिच्याच कुडावर चुन्यानं घोडा काढला. जन्म गेला खोगिरं शिवण्यात. घोडा माझ्या बोटांतच आहे. मान अशी झकास वळली की सगळे बायाबापे एकदम गप्प. मला वाटलं, खूश झाले.

घोड्याचा घ. सोनकीनं पहिल्या झटक्यात काढला.

बुध. १५ नोव्हें.

ईद झाली. बाईंसाठी शिरखुर्म्याचा डबा नेला. डबा उघडायचं कुणाला सुचलं नाही, तसाच परत आला.

कूड स्वच्छ सारवलेला. घोडा नाही. सोनकी हसत पुढे आली, नखांत अजून शेण. "चाचा, पुढलं अक्षर कुठं काढशील? जागा केली तुला." शाळेची एवढी काळजी माझ्या पोरांनी कधी केली नाही.

पण ओसरीत तिघंच. बाकीचे महूच्या झाडाखाली उभे, पाय आत टाकेनात. सोनकीच्या दिराच्या पोरीला तापानं धरलंय. आदल्या दिवशी कूड सारवला, दुसऱ्या दिवशी ताप. दीर माझ्याकडे बघत नव्हता, सोनकीकडे बघत होता. ती नजर मला आवडली नाही. बाईंनी हिवतापाच्या, कोयनेलच्या गोळ्या पुढे केल्या. दीर मागे सरला, जसा विंचू दाखवला.

शुक्र. १७

बाजाराचा दिवस. पाड्याचा पुजारा दुकानात आला. मला वाटलं चामड्याची वादी पाहिजे. बसला, विडी मागितली, ओढली. मग बाजारच्या बोलीत,

"चाचा, घोडा तू काढा ना?"

"मीच काढला."

"भितवर घोडा देवना ऱ्हास. देव बलावना आनि देवले पुसी टाका. कोनी पुसा?"

मी शिवायची आर उचलून खोगिरावर वाकलो. नाव त्याला ठाऊकच होतं.

आमच्याकडे भिंतीवर चित्र म्हणजे चित्र. तिकडे घोडा काढायचा तो नवस फेडायला, पुजाऱ्याला बोलावून, कोंबडं देऊन. एकदा काढला की राहिला. साठ वर्षं मी या लोकांच्या शेजारी राहतो, त्यांच्या देवाला वाहायचे मातीचे घोडे रोज बाजारात बघतो. आणि एवढं कळू नये!

जाताना म्हणाला, बुधवारी सुपात दाणे टाकून बघणार. घोड्याचा कोप आहे की घरात डाकीण आहे.

तो शब्द ऐकला आणि हातातली आर बोटात गेली. डाकीण ठरली तर सोनकीला पाड्यावर कोण राहू देईल? राहू देणं लांबच. मागे पलीकडच्या पाड्यावर एकीला… लिहवत नाही.

शनि. १८

घरी बायकोला, जैनबला सांगितलं. तिनं लाटणं खाली ठेवलं.

"तुमले कोनी सांगं व्हतं दुसराना घरनी भितवर घोडा काढाले? खोगीर शिवा ना गप!"

बरोबर आहे तिचं. संसार सोनकीचा, चुना माझा.

फौजदाराला सांगावं? फौजदार एक दिवस येईल, चार जणांना बडवेल, जाईल. सोनकीला तिथंच राहायचंय. बुधवारी जाऊच नये, असंही मनात आलं.

रवि. १९

पुजाऱ्याकडे जाऊन आलो, एकटा. म्हटलं, बाबा, चूक माझी. घोडा परत काढला तर?

त्यानं विडी दगडावर विझवली. मग, "पहिला उघडा व्हता. देव काय उघडा घोडावर बसस? तू खोगीरवाला शे ना?"

म्हणजे खोगिरासकट काढ. आणि दाणे? "दाना बी पाहसू." पोरीला गोळ्या देऊ का? "तुम्हन्या गोळ्या द्या. मन्हा दाना पाहू द्या." हा माणूस माझ्यापेक्षा शहाणा. तरी भीती गेली नाही.

परतताना बाईंच्या बंगलीवर. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. "चाचा, शाळेच्या भिंतीवर देव? माझ्या माणसांना कळलं तर मदत बंद होईल." मी म्हटलं, बाई, माझ्या मौलवींना कळलं तर माझंही काही खरं नाही. त्या हसल्या नाहीत. उठून म्हणाल्या, "चुना मी भिजवते."

बुध. २२

घोडा काढला. बाईंनी चुन्याचा वाडगा धरला होता. पोटाखालचा तंग, पाय ठेवायची रिकीब, फुलांची झूल, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ऐटीत मिरवेल असं खोगीर. असं काम मी कुणा सावकाराला करून दिलं नाही. बायाबापे महूखालून बघत होते.

दिराच्या पोरीनं गोळी घेतली. अंग अजून तापलेलं.

सोनकीला आत बसवलेलं, दाणे होईपर्यंत बाहेर यायचं नाही. रिकीब काढताना कुडाच्या फटीतून आवाज आला, अगदी बारीक. "चाचा, घ च्या पुढे काय?"

माझा हात थांबला. दीर चार पावलांवर उभा. मी रिकिबीच्या टोकाला एक रेघ जास्त ओढून तिचा च केला आणि खोकल्यात म्हटलं, "च, पोरी. च."

पुजाऱ्यानं सूप आणलं. परक्यांनी बघायचं नाही, म्हणाला. आम्हाला उतरायला लावलं.

नाल्यापर्यंत आलो आणि वर ढोल सुरू झाला. बाई थबकल्या. "चाचा, हा कशाचा ढोल?"

इतकी वर्षं ऐकतोय. लग्नाचा वेगळा, मयताचा वेगळा, माणसं गोळा करायचा वेगळा, एवढं ठाऊक आहे. कुठला कोणता, ते कधी शिकलो नाही.

"परत वर चला," म्हणाल्या. वळलो. दम लागला म्हणून दगडावर टेकून एवढं लिहिलं, बाई पुढे गेल्या; ढोल चालूच आहे.