इरियाची शाळा

वाल्देरोमा, ४ मार्च १९८४

ती. ब्लांकाताईस, सा. न.

ताई, तुझ्या तेरुएल शहरात माझ्या इरियासाठी एखादी शाळा बघशील का? बाबांना मात्र इतक्यात कळू देऊ नकोस. पोरीला डाव्या कानानं ऐकूच येत नाही, उजव्यानं जेमतेम. इथं दरवर्षी नवा मास्तर येतो, फळ्याकडे तोंड करून शिकवतो आणि ही बावळट ठरते. पण एक मूल जरी कमी झालं तरी शाळा बंद करू, असं वरून आलंय. बाबांची शाळा गं! यादवी युद्धानंतर पाद्र्यांनी त्यांना तिच्यातून काढलं, तरी इतकी वर्षं मेंढरं राखून ते तिथंच परत शिकवायला गेले, ते थेट निवृत्त होईपर्यंत. आणि कुलूप लावायला निघाले मी!

रागाव, पण माया पातळ करू नकोस.
तुझी ओलाया

तेरुएल, १९ मार्च १९८४

चि. ओलायास, अ. आ.

तुझ्यापायी चपला झिजवल्या! श्रीमंतांच्या खाजगी शाळेत पोरीचं नाव विचारायच्या आधी बापाचा धंदा विचारला. बाप वारला म्हटल्यावर बसा म्हणणारे उठूनच उभे राहिले. सरकारी शाळेत एकेका वर्गात चाळीस पोरं, तिथं हिच्याकडे कोण बघणार? पाद्र्यांकडे फक्त मुलगे घेतात. राहिली नन्सची शाळा. तिथल्या सिस्टर एउलालिया मुलीशी बोलायचं तर तिच्यासमोर जाऊन वाकतात, मगच तोंड उघडतात. मी खरं ते सांगितलं, की मुलीचा बाप्तिस्मा झालेला नाही आणि आजोबांना चर्चची घंटासुद्धा सोसत नाही. हसून म्हणाल्या, आजोबांना कुठं वर्गात बसायचंय? पण सकाळच्या प्रार्थनेला उभं राहावं लागेल, त्यात सूट नाही. तेवढं नीट समजून घे.

माझी मागची खोली मोकळीच आहे. बाबांना मात्र तूच सांग, माझ्या पदराआड लपू नकोस.
तुझी वाट बघणारी, ब्लांका

तेरुएल, ३० सप्टेंबर १९८४

ती. बाबांना, शि. सा. न.

निघताना तुम्ही सामान चढवून दिलंत आणि पाठ फिरवलीत. रागावला असता तर बरं वाटलं असतं. शाळेला कुलूप लागल्याचं गावाकडच्या पाववाल्यानं सांगितलं. उरलेली चौघं आता बसनं इथल्या सरकारी शाळेत येतात, आणि शेजारच्या रमोनाचा धाकटा घाटभर रडतो म्हणे. माझ्या एका पोरीसाठी त्या चौघांचे हाल. इरिया इथं हसते, बडबडते. ती हसली की मला तो रडणारा आठवतो.

चार शिव्या तरी लिहून धाडा, पण तुटू नका.
तुमची अपराधी लेक

वाल्देरोमा, १८ ऑक्टोबर १९८४

चि. ओलायास, आशीर्वाद.

शाळा तुझ्यामुळेच बंद पडली. तसं नाही म्हणून तुझी समजूत काढणार नाही. रमोना अजून तुझं नाव काढू देत नाही. तिच्याशी तूच येऊन बोल. बसमध्ये पोरांबरोबर मोठं माणूस लागतं, म्हणून आता मी जातो. धाकटा माझ्या मांडीवर बसतो, पाढे म्हणता म्हणता घाट संपतो.

मंगळवारी पोरांना सोडून नन्सच्या फाटकाशी गेलो. आत पाऊल टाकलं नाही. इरिया धावत आली आणि गजांपलीकडून सकाळची प्रार्थना म्हणून दाखवायला लागली. प्रार्थनेला काढतात ती टोपी मी काढली नाही. पण पोरीला कधी न जमलेला 'र' लख्ख आला. मी तिला तीच प्रार्थना पुन्हा म्हणायला लावली.

तुझा बाप
एवारिस्तो