पिंकी मैदानाबाहेर

९ मार्च, रविवार

गुडघा वाकतो सत्तर अंश. सत्तरच! आतापर्यंत नव्वद व्हायला हवा होता. पंजात टॉवेल अडकवून टाच स्वतःकडे ओढायची, एवढाच व्यायाम. त्यात मी रडते. आणि समोर सात जणी बसून टाळ्या वाजवतात. "अजून थोडं, दिव्यानी, अजून थोडं!" — काय अजून थोडं? तुमच्या गुडघ्यात स्क्रू आहेत का?

फुटबॉल टीमनं वार वाटून घेतलेत. सोमवारी उर्वशी, मंगळवारी साक्षी, असा कागद भिंतीवर चिकटवलाय. माझ्याच घरात, मला न विचारता! रविवारी सगळ्या. आई खूश. तिला घरात पोरी लागतात.

पिंकीचं नाव कागदावर नाही. ती रोजच येते. सहाला सायकल लावते, बर्फ फोडते, उशी सरकवते, जाते. फार बोलत नाही. सगळ्यांत जास्त राग मला तिचाच येतो.

१२ मार्च, बुधवार

साक्षीची आजी गुणाबाई. तिनं जंगलातल्या कुठल्याशा सालीचा लेप पाठवला. "हाडबी जुळते, शीरबी जुळते." साक्षीनं मांडीपासून नडगीपर्यंत थापला. टाक्यांवरसुद्धा! चंद्रपूरच्या फिजिओ मॅडमनी पाय पाहिला आणि सुरूच झाल्या. अर्धा तास बोलणी खाल्ली. कुणी? मी!

परत आल्यावर पिंकीनं कापूस भिजवून भिजवून सगळा हिरवा रंग काढला. साक्षी दारात उभी राहून रडत होती, "मले वाटलं लवकर बरी होशीन." तिला समजवायचंही मलाच.

१६ मार्च, रविवार

पिंकी रोज का येते, ते एकदा नीट लिहून ठेवते.

आमचे कोच मुखरूभाऊ. कोळसा खाणीतून निवृत्त झाले आणि बल्लारपूरच्या पोरींना फुटबॉल शिकवायला लागले. त्यांचे नियम दोनच. पहिला — जिच्या पायानं सोबतिणीला लागलं, ती बाहेर. दुखावलेली पुन्हा मैदानात उतरेपर्यंत हिनं खेळायचं नाही आणि तिची सगळी कामं करायची. दुसरा — दुखणं लपवून खेळली, तर टीममधून नाव कटलं.

पहिला नियम आला तो दोघी भांडून एकमेकींच्या पायावर खेळायला लागल्या तेव्हा. छान चालला. घोटा मुरगळला की चार दिवस, फार तर आठवडा. कुणाच्या डोक्यात आलं होतं की एखादीचं गुडघ्यातलं लिगामेंट तुटेल, ऑपरेशन होईल आणि नऊ महिने लागतील!

३ फेब्रुवारीला सरावात पिंकी चेंडू काढायला आली, मी वळले, गुडघ्यात कट्‌ आवाज झाला आणि मी खाली. मुखरूभाऊ काही म्हणायच्या आतच पिंकी रेषेबाहेर जाऊन बसली. आजही बसतेच आहे.

२४ मार्च, सोमवार

आज कुणावर ओरडले नाही. उर्वशीचा पेपर होता, पिंकी बर्फ ठेवून गेली. ओरडायला कुणीच नाही, तर करमेना. हेही माझंच कौतुक!

२ एप्रिल, बुधवार

ब्याऐंशी अंश.

कुबड्या घेऊन मैदानावर गेले. जायलाच नको होतं. खुर्ची आणली, छत्री धरली, रसना दिलं. नवरीची मावशी! खेळ मात्र भिकार. डावीकडून कुणीच वर जात नाही. ती जागा पिंकीची. पिंकी रेषेबाहेर चेंडूत हवा भरत होती. कॅप्टन म्हणून ते काम माझं.

जाताना साक्षी म्हणाली, "एक जूनले नागपूरले निवड चाचणी आहे. पंधरा मेच्या आत भाऊले नावं पाठवाची आहेत. पिंकीचं वयात बसाचं हे शेवटचं वर्ष."

मला काय सांगते? मी काय करू?

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. मी खिडकीत बसणार हे आईशी ठरलं होतं. दुपारी चारला बाहेर ही ओरड! पोरींनी भाजीवाल्या बिरजूभाऊंची हातगाडी आणलेली. वर गादी, निळं कापड, पायाखाली दोन लोड. मी नाही म्हटलं. तीनदा म्हटलं. चौघींनी उचलून ठेवलं!

लाज वाटली. कोबीची पानं अजून चिकटली होती. पण चौकात ढोल वाजायला लागले आणि आमच्या पोरी गाडीभोवती नाचायला लागल्या, तेव्हा मी हातांनी नाचले. खोटं का लिहू, खूप बरं वाटलं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा.

गाडी मागून पिंकी ढकलत होती. पूर्ण मिरवणूकभर. मी एकदाच वळून पाहिलं. "पाणी पायजे का?" म्हणाली.

बरं वाटलेलं तिथेच संपलं.

२७ एप्रिल, रविवार

पंचेचाळीसच्या वर तापमान. कूलर गरम वारा फेकतो. मांडी बारीक झाली आहे, डावी आणि उजवी दोन वेगळ्या बायांच्या वाटतात. ब्याऐंशीवरून फक्त अठ्ठ्याऐंशी. पोरींनी आज पत्ते आणले आणि मला मुद्दाम जिंकू दिलं. समजत नाही का मला? मी पत्ते फेकले. कुणी रागावलंसुद्धा नाही! आजारी माणसावर रागवायचं नसतं ना. एकीनं तरी उलट बोलावं!

५ मे, सोमवार

मुखरूभाऊ आले होते. चप्पल दाराबाहेर, टोपी मांडीवर. आईनं दिलेलं पाणी प्यायले. मग म्हणाले,

"पिंकीचं नाव पाठवाव म्हणतो. पण नियम मोडून नाई पाठवू शकत. माह्याच नियमाले मी भोक पाडलं तर उद्या कोण मानन? तू तिथं होती. तिच्या पायानं लागलं नसन तर तसं सांग. मी आजच तिले आत घेतो. पण खरं सांगजो, बाई. दया म्हून नोको."

मी काय म्हणाले? "आठवत नाही, भाऊ." एवढंच! एवढंच म्हणाले मी.

ते गेल्यावर त्यांच्यासोबत आलेली साक्षी माझ्यावर ओरडली. शेवटी एकदाची ओरडली कुणीतरी! "आठवत नाई म्हंजे काय वं? तुले एक शब्द बोलाले जड जाऊन राह्यला?" कागदावर तिचा मंगळवार होता. म्हणाली, उद्या येणार नाही.

६ मे, मंगळवार

आली. तोंड फुगवून आली, पण आली. टॉवेल पायात अडकवून दिला. नव्वद झाले. टाळ्या वाजल्या नाहीत.

११ मे, रविवार

लिहितेच.

२६ जानेवारीला आम्ही सिंदेवाहीला खेळायला गेलो होतो. धान निघालेल्या बांधीत, भातखाचरातच, मैदान आखलं होतं. खुंट काढले होते म्हणे. एका कोपऱ्यात राहिले होते. तिथे माझा पाय अडकला आणि गुडघा आतल्या आत फिरला. तेव्हाही कट्‌ असाच आवाज झाला. मी ऐकला! सामना संपल्यावर हातपंपामागे जाऊन बसले, गुडघा सुजत होता, तो ओल्या ओढणीनं आवळला. गाडीत सगळ्या गाणी म्हणत आल्या, मीही म्हटली.

आठ दिवस गोळ्या खाल्ल्या. जिने उतरताना गुडघा निसटायचा. सांगितलं असतं तर भाऊंनी सरावातून बाहेर बसवलं असतं, कॅप्टनचा पट्टा दुसरीच्या हातावर गेला असता, आणि मलाही जूनची चाचणी द्यायचीच होती. तीन तारखेला पिंकी आली नसती तरी मी पडलेच असते. त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी.

पडल्या पडल्या पहिली गोष्ट मनात काय आली, तेही लिहिते — पिंकी जवळ होती ते बरं झालं.

हे लिहिताना माझीच किळस येते. या पोरी माझ्यासाठी गादी उचलतात, बर्फ आणतात, हातगाडी ढकलतात. आणि मी त्यांच्यावरच चिडचिड करते! चीड त्यांची नव्हतीच. खरं सांगितलं तर माझं नाव कटणार. नाही सांगितलं तर पिंकीचं शेवटचं वर्ष जाणार. चार दिवस उरलेत. आई उद्याच्या बुद्ध पौर्णिमेच्या खिरीसाठी तांदूळ निवडते आहे, मधूनच विचारते, "दुखते का वं?" दुखतं. पण गुडघा नाही.

उद्या सकाळी मैदानावर जाईन. सगळ्यांसमोर.

१२ मे, सोमवार

सांगितलं. सगळं. भाऊंनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली. मग म्हणाले, "दिव्यानी, तुह्यं नाव कटलं. पिंकी, बूट घाल."

पिंकी नाडी बांधताना, मान वर न करता, मला एकटीलाच ऐकू येईल असं बोलली — "सिंदेवाहीले हातपंपामागं पाह्यलं होतं मी तुले. म्हून त्या दिवशी सरावात पाय मागं घेतला होता. लागलाच नवता तुले."

"मग इतके दिवस बाहेर का बसलीस?"

"सांगतलं असतं तर तुह्यं नाव तवाच कटलं असतं. मंग तुह्या घरी कोण आलं असतं वं?"